मूठ काढून घेतलेलं माप

लेक : हा परत आणलाय, काका. आठव्या मिनिटाला मान टाकतो.

दुकानदार : रोज आठव्याच?

लेक : तीन दिवस, तीन वेळा. काल घड्याळ लावून बसले होते. आठ मिनिटं आणि वर थोडं. मग पडदा काळा. आणि हा ठोकळा इतका तापलेला, की शेजारचं मांजर येऊन त्याला टेकून झोपलं.

दुकानदार : मांजराची सोय झाली म्हणायची. ताई, हा अडॅप्टर नेलात तेव्हा मी काय म्हणालो होतो?

लेक : माझ्या कॉम्प्युटरला पुरणार नाही म्हणून.

दुकानदार : आणि तुम्ही काय म्हणालात?

लेक : बघू म्हणाले.

दुकानदार : हं. बघितलंत. हा हलक्या कामाचा आहे. पत्रं लिहा, सिनेमे बघा, वर्षानुवर्षं तक्रार करणार नाही. तुमच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे. तुम्ही त्याला एक खोली रंगवायला सांगितली, की ते एकटंच याच्या ताटातलं सगळं संपवतं. बाकीच्यांनी काय खायचं?

लेक : एक खोली नाही. सोमवारपर्यंत अकरा खोल्या द्यायच्यात. फर्निचरच्या कारखान्याचं काम आहे. पलंग, कपाटं, टेबलं, सगळं मांडून चित्रं करून द्यायची.

दुकानदार : मग याला मांजराकडेच ठेवा. चार महिन्यांपूर्वी माझ्याकडून साडेचारशे वॅटचा सप्लाय नेला होतात. लहान चणीचा, पण ताकदीचा. तो कुठे गेला?

लेक : हा काय, पिशवीत.

दुकानदार : बिघडला?

लेक : नाही.

दुकानदार : आवाज करतो?

लेक : त्याचा पंखा फिरतोय का नाही हे कळायला कान लावावा लागतो.

दुकानदार : मग त्याला पिशवीत ठेवून हा अडॅप्टर का लावला?

लेक : तो पेटीत बसत नाही. म्हणजे बसतो. छान बसतो. पण बसला की चालवता येत नाही. थांबा, दाखवते. काउंटरवरचं हे खोकं जरा सरकवा, पेटी जड आहे.

दुकानदार : अरे वा. लाकडाची. ही कुठे मिळाली?

लेक : मिळाली नाही. बाबांनी केली. सुतार आहेत ते. मला माझ्या टेबलाच्या पायाशी बसेल एवढंच मशीन हवं होतं, आणि पत्र्याच्या पेट्या बाबांना बघवत नाहीत. म्हणाले, मी करतो.

दुकानदार : खिळा कुठे दिसत नाही.

लेक : नाहीच. स्क्रूही नाही. सगळे सांधे खाचेत बसवलेत. झाकण उघडून बघा. असं नाही, मागे ढकला आणि वर घ्या.

दुकानदार : हाताला सांधा लागतच नाही हो. मी आयुष्यभर पत्रे उघडले, बोटं कापून घेतली. हे म्हणजे… पॉलिश नाही केलं?

लेक : नाही.

दुकानदार : एवढं करून कोरीच ठेवली?

लेक : हात थरथरतो त्यांचा. गेल्या वर्षापासून. आईला वाटतं, ब्रश धरवत नाही म्हणून सोडलं. मी विचारलं नाही.

दुकानदार : बरं. द्या तो सप्लाय इकडे. हा कप्पा त्याचाच ना?

लेक : हो. घाला.

दुकानदार : … हवा बाहेर पडल्याचा आवाज आला. ऐकलात?

लेक : दोन महिने ऐकतेय. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बाबा तो आवाज ऐकवतात.

दुकानदार : मागे भिंतीची वायर लावायला खिडकी ठेवलीय. तीही बरोबर समोरासमोर. मग अडलं कुठे? ओहो.

लेक : दिसलं?

दुकानदार : पुढच्या तोंडाला लाकडाची पडदी चिकटलीय. ज्या वायरी सप्लायमधून निघून मशीनला जातात, त्या खोचायच्या कुठे?

लेक : तेच.

दुकानदार : आणि पंख्याच्या तोंडावर झाकण. कागदसुद्धा जाणार नाही.

लेक : तेही.

दुकानदार : म्हणजे याला तोंडही बांधलं आणि नाकही दाबलं.

लेक : काका, तुम्ही नीट सांगा. या पेटीला हात न लावता यात बसेल असा दुसरा कुठला सप्लाय आहे? चपटा, लांबोडका, कसाही. मला अकरा खोल्या चालल्या पाहिजेत एवढंच.

दुकानदार : एक चपटा आहे. पट्टीसारखा. पडदीच्या पलीकडे कार्डाखालून जाईल कदाचित. तो असतो दिवसरात्र चालणाऱ्या मोठ्या मशीनींसाठी, ज्या बंद खोलीत ठेवतात. चालू करून दाखवू?

लेक : दाखवा.

दुकानदार : घ्या.

लेक : बंद करा. बंद करा, दात शिवशिवले.

दुकानदार : पंखा रुपयाएवढा, म्हणून त्याला भिंगरीसारखं फिरावं लागतं. मोठा पंखा सावकाश फिरून तेच काम करतो. लहान तोंडाची माणसं जास्त बोलतात, तसं.

लेक : हा नाही चालणार. माझं टेबल बाहेरच्या खोलीत आहे. बाबा दुपारी तिथेच आडवे असतात, उशाशी रेडिओ. गाऊन सांगितलेलं प्रवचन ऐकल्याशिवाय त्यांची दुपार होत नाही. हे सुरू झालं तर प्रवचन सांगणारा बिचारा घाबरून थांबेल.

दुकानदार : मग एकच राहिलं. पडदी वरून कापा, झाकणाला पंख्याच्या जागी जाळी पाडा. अर्ध्या तासाचं काम. घरात सुतार आहे.

लेक : ते नाही करायचं.

दुकानदार : का? लाकूड आहे, ताई. काच नव्हे.

लेक : बाबा माझ्याआधी निघून समोरच्या धारवाल्याकडे गेलेत. यायच्या आत सांगते. हात थरथरायला लागला तसं त्यांनी काम घेणं बंद केलं. मग ही पेटी घेतली, घरातली म्हणून. आणि जेवताना आईला म्हणाले, ही मापात बसली तर शिंपीणबाईंचं दोऱ्यांचं कपाट घेईन, नाही बसली तर हत्यारं बांधून माळ्यावर टाकतो.

दुकानदार : असं म्हणाले?

लेक : भात कालवता कालवता. आई म्हणाली, कोशिंबीर वाढू का. विषय संपला.

दुकानदार : आणि तुम्ही त्यांना सांगितलंत की बसली.

लेक : बसली तर आहे. तुम्ही आत्ता आवाज ऐकलात.

दुकानदार : ऐकला. दोन महिने मग मशीन कशावर चाललं?

लेक : जुन्या पत्र्याच्या डब्यात, पलंगाखाली. पेटी टेबलाशी, रिकामी, मागे नुसती वायर लावलेली. बाबांना वाटतं तीच चालतेय. मग सोमवारचं काम आलं तेव्हा म्हटलं, आता तरी आत घालू. म्हणून मशीन पेटीत हलवलं आणि तुमचा अडॅप्टर नेला. तो बाहेरच राहतो, म्हणजे पेटी कापायला नको.

दुकानदार : आणि आठव्या मिनिटाला मान टाकली.

लेक : हो.

दुकानदार : तुम्ही एवढी चित्रं काढता कपाटांची. हे माप चुकलंच कसं?

लेक : माप चुकलं नाही. सव्वाशे बाय शंभर बाय साडेत्रेसष्ट मिलिमीटर. सप्लाय माझ्याकडून घेतला, चारही बाजूंनी पट्टी लावली, वर अर्धा मिलिमीटर सोडला. लाकूड फुगतं म्हणून.

दुकानदार : पण वायरी?

लेक : वायरी मी काढून दिल्या होत्या. या सप्लायच्या सगळ्या सुट्या होतात ना. गुंडाळून, रबर लावून, वेगळ्या पिशवीत.

दुकानदार : का काढल्या?

लेक : आमच्या घरात माप तसंच घेतात. खणाची मूठ आधी काढायची, मग खण मोजायचा. मूठ सगळ्यात शेवटी. मला चालता यायला लागलं तेव्हापासून मुठी गोळा करून डब्यात ठेवायचं काम माझं. मला कळलंच नाही की इथे मूठ आतल्या बाजूला आहे.

दुकानदार : तीस वर्षं हे दुकान चालवतोय. वायरी उपटून सप्लाय मोजणारं घर पहिल्यांदा बघतोय.

लेक : काका, एक करा. ते आले की सांगा, हा सप्लाय खराब निघाला, बदलून दुसरा देतोय. मी तो चपटाच नेते. पंख्याभोवती कापड गुंडाळीन.

दुकानदार : कापड गुंडाळलंत तर आठ मिनिटंही मिळणार नाहीत. आणि मी माझ्या मालाला माझ्याच तोंडाने नाव ठेवू?

लेक : एकदाच.

दुकानदार : नाही. फार तर गप्प बसेन. तेवढं जमतं मला.

लेक : आले बघा. गुणगुणताहेत. पेटीचं झाकण लावा. मागे ओढा, मागे.

वडील : फूटपट्टे, झालं का तुझं?

लेक : होतंय, बाबा. धार झाली?

वडील : झाली. एक करवत, दोन पटाश्या. पोराने अंगठ्यावर केस कापून दाखवला. नमस्कार, शेठ.

दुकानदार : या मिस्त्री, बसा. स्टूल घ्या. फूटपट्टी कोण?

वडील : ही. दहाव्या वर्षी एवढी लांब आणि एवढी बारीक होती. भिंतीला टेकून उभी केली की वर खुणा करायच्या बाकी.

लेक : बाबा.

वडील : बरं, बरं. पेटी इथे कशी आली?

लेक : दाखवायला आणली. काकांना बघायची होती.

वडील : पाच किलोची पेटी दोन जिने उतरवून, रिक्षात घालून, दाखवायला.

लेक : आणि सप्लाय जरा खराब निघालाय. मध्येच बंद पडतो. बदलून घ्यायचाय.

वडील : असं का, शेठ?

दुकानदार : …

वडील : शेठ बोलत नाहीत.

दुकानदार : माझा घसा बसलाय.

वडील : मी रस्त्यापलीकडे होतो तेव्हा खणखणीत ऐकू येत होता. तीस वर्षं काहीतरी म्हणत होतात. हा सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज हिच्या मशीनला झेपेल अशी करून देणारा डबा, असं हिने मला सांगितलं. बरोबर ना?

दुकानदार : अगदी बरोबर.

वडील : मग खराब आहे तर लावून दाखवा. खराब वस्तू कशी असते बघू.

लेक : बाबा, उशीर होतोय. आई वाट बघत असेल.

वडील : तुझी आई माझी वाट बघत नाही, दळणाची बघते. लावा, शेठ.

दुकानदार : लावतो. हा असा टेस्टर. दिवे बघा. एक, दोन, तीन, चारही हिरवे. पंखा सुरू.

वडील : फिरतोय की.

दुकानदार : फिरतोय.

वडील : खराब नाही.

दुकानदार : मिस्त्री, मी गप्प बसेन एवढंच कबूल केलं होतं.

वडील : पुष्कळ झालं. त्या सगळ्या वायरी काढा आणि इकडे द्या. झाकण उघड गं. आणि ती रबर लावलेली पिशवीसुद्धा दे, तिच्यात काय आहे?

लेक : बाकीच्या वायरी.

वडील : बाहेर काढ. एकदा माझ्या हाताने सगळं बसवू. मी ते कधी केलंच नाही.

(वडील सप्लाय कप्प्यात सरकवतात, हवा बाहेर पडल्याचा बारीक आवाज येतो. मग एक वायर उचलून तिचं टोक पडदीवर टेकवतात.)

वडील : या कुठून जातात?

लेक : तिथूनच.

वडील : जिथे माझी पडदी आहे तिथून.

लेक : चूक माझी आहे, बाबा. वायरी मी काढून दिल्या. वायरींसकट दिला असता तर तुम्ही जागा सोडलीच असती.

वडील : तू काढल्यास कारण मी तुला तसं शिकवलं.

लेक : पण हे खण नाही हे मला माहीत होतं. तुम्हाला नव्हतं. मी दिवसभर ह्याच गोष्टी हाताळते.

वडील : मी विचारायला हवं होतं. गिऱ्हाइकाला विचारायचं असतं, यात काय ठेवणार. चाळीस वर्षं विचारत आलो. घरचं होतं म्हणून विचारलं नाही.

लेक : मी सांगायला हवं होतं.

वडील : हं.

दुकानदार : दोघांनी वाटून घ्या. अर्धी अर्धी. मला दुकान सात वाजता बंद करायचंय.

वडील : दोन महिने झाले गं पेटीला.

लेक : हो.

वडील : मशीन कुठे होतं?

लेक : पलंगाखाली.

वडील : जुन्या पत्र्याच्या डब्यात?

लेक : हो.

वडील : म्हणजे मी पाहुण्यांना आवाज ऐकवत होतो, आणि आत काहीच नव्हतं.

लेक : सप्लाय होता. पाहुणे गेले की मी तो पुन्हा काढून डब्यात लावायची.

वडील : दर वेळी?

लेक : मावशी आली होती तेव्हा दोनदा. तिने परत ऐकायला मागितला.

वडील : तरीच त्या दिवशी तू जेवायला उशिरा आलीस.

दुकानदार : चहा सांगू का?

वडील : नको. पंखा कुठल्या बाजूला आहे याचा?

दुकानदार : वर. झाकणाकडे. तिथून हवा आत ओढतो, मागच्या जाळीतून बाहेर टाकतो.

वडील : आणि मी झाकण घासून घासून चिकटवलं. रंधा मारायचो, बसवून बघायचो, परत मारायचो. हवा जायला फट राहिली नाही म्हणून शेवटच्या दिवशी स्वतःवर खूश होऊन दुपारी झोपलोसुद्धा नाही.

लेक : सांधा सुरेखच आहे, बाबा.

वडील : सांध्याचं बोलतच नाही मी. लहानपणी आमच्याकडे एक बाई यायच्या, गाऊन प्रवचन सांगायला. ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. मला वाटायचं, पुढचं विसरल्या. मी आईला सांगायचो, यांना येत नाही गं. आई म्हणायची, अरे, श्वास घेतायत, आणि तेवढ्यात आपल्याला ते आत घ्यायला सवड देतायत. आता रोज दुपारी तेच ऐकतो आणि पेटी करताना मात्र थांबायला जागा ठेवत नाही.

दुकानदार : मिस्त्री, दुसरे सप्लाय आहेत माझ्याकडे. एक चपटा आहे.

वडील : तो मघाशी किंचाळला तो?

दुकानदार : ऐकलात?

वडील : धारवाल्याने मशीन थांबवून वर पाहिलं. तो नको. आणि हा बाहेरचा ठोकळा?

लेक : तो कमी पडतो. जड काम लावलं की आठ मिनिटांत बंद.

वडील : मग हाच बरा, नाही का? आहे तोच. शेठ, तुम्ही विकणारे, तुम्हाला विचारू नये, पण तुमच्या लेकीचं मशीन असतं तर?

दुकानदार : हाच. चार महिन्यांपूर्वी हाच दिला होता तो विचार करूनच. पेटी लहान, कार्ड भुकेलं, खोलीत झोपणारं माणूस. या तिन्हींना एकदम चालणारा दुसरा माझ्याकडे नाही.

वडील : किती कापायची?

लेक : बाबा, राहू दे. खरंच राहू दे. मशीन डब्यात चालत होतं की. अकरा खोल्या डब्यातून होतील. पेटीत मी कागद ठेवीन.

वडील : कागद ठेवायला मी कप्पे वेगळे केले असते. शेठ, किती?

दुकानदार : वायरींची तोंडं इथून इथपर्यंत. नऊ सेंटीमीटर रुंद, वरच्या काठापासून चार खोल. पलीकडे कार्डापर्यंत जागा किती आहे? तीन बोटं. पुरे. झाकणाला पंख्यापुरत्या चिरा. भोकं पाडण्यापेक्षा लांब चिरा बऱ्या, हवा मोकळी येते.

वडील : दहा चिरा पाडू. चिरा दिसायलाही बऱ्या. ऊठ गं, पेटी नीट धर.

लेक : बाबा, जेवताना तुम्ही आईला काय म्हणाला होतात?

वडील : काय?

लेक : मापात बसली नाही तर हत्यारं बांधून ठेवतो.

वडील : म्हणालो होतो.

लेक : मग आज धार कशासाठी लावली? बांधून ठेवायच्या आधी लावतात ना? बोथट हत्यार झोपवू नये, असं तुम्हीच सांगता.

वडील : लावतात खरी.

लेक : म्हणजे तुम्हाला आधीच कळलं होतं.

वडील : पलंगाखालून घूं घूं येतं आणि पेटी गार असते. हात थरथरतो माझा, कान नाही थरथरत. मला वाटलं, तुला पेटी आवडली नाही, म्हणून वापरत नाहीस. ते जरा लागलं. चूक असती तर तू बोलली असतीस, असं धरून चाललो होतो.

लेक : आवडली नाही?

वडील : पत्र्याचं आवडतं आताच्या माणसांना.

लेक : बाबा, मला ती इतकी आवडली की मी दोन महिने पलंगाखाली वाकून काम केलं. माझी पाठ विचारा.

वडील : मग ठीक आहे. मग नुसतं माप चुकलंय.

लेक : आणि हत्यारं?

वडील : पेटीला पॉलिश लावलंय मी?

लेक : नाही.

वडील : का नाही लावलं?

लेक : आई म्हणते, ब्रश धरवत नाही.

वडील : तुझ्या आईला चमचा आणि ब्रश एकच वाटतो. तुझ्या टेबलाला पॉलिश कधी केलं होतं? तू चार महिने त्याच्यावर बसून पाय कापायला लावलेस, मग. शाळेच्या बाकांना? मुलं वर्षभर बसली, मग. काम वापरात जातं, ज्याचं त्याला टोचतं, ते काढून द्यायचं, आणि मग पॉलिश. पॉलिश लावलं की काम संपलं. त्याच्याआधी नाही.

लेक : म्हणजे ही अजून संपलेली नाही.

वडील : संपली नाही तर चुकली कशी म्हणू?

दुकानदार : मिस्त्री, हे वकिलाला सुचलं नसतं.

वडील : वकिलाने कधी पेटी केली असती तर सुचलं असतं. पेन्सिल आहे का कुणाकडे?

लेक : तुमच्या कानावर.

वडील : हं. पट्टी धर इथे. वर. आणखी वर. हां.

लेक : धरली.

वडील : रेघ गेली तिकडे.

लेक : पुसू?

वडील : पुसून पुन्हा तशीच येणार. पेन्सिल तू घे, मी पट्टी धरतो. दोन हातांनी दाबली की हलत नाही.

लेक : नऊ?

वडील : नऊ. आणि खाली चार. कोपरा काटकोनात बघ. आता रेघेच्या आतून कापायचं, रेघेवरून नाही. रेघ राहिली पाहिजे.

लेक : मी कापायचं?

वडील : करवतीचे दोन काप तू दे. मधला तुकडा पटाशीने मी काढतो. पटाशीला नुसता दाब लागतो, तो आहे अजून माझ्याकडे.

दुकानदार : इथे नाही हं. भुसा उडाला तर समोर उघडे बोर्ड मांडलेत. बाहेर पायरीवर बसा. उजेडही आहे तिथे.

वडील : बरोबर आहे. शेठ, हा ठोकळा तुम्ही परत घेणार ना?

दुकानदार : घेतो. पत्रं लिहिणारं कोणीतरी येईलच. मिस्त्री, एक विचारू? कापून झालेला तो तुकडा मला द्याल? टेबलावर ठेवीन. वायरी काढून माप घेणारं कोणी आलं, तर पुढे करीन.

वडील : घ्या. पण कोरा आहे तो, हाताचं तेल पीत राहील.

दुकानदार : पिऊ दे.

लेक : बाबा, आतलं मशीन काकांकडे काढून ठेवते आणि पेटी मी घेते. तुम्ही हत्यारं घ्या.

वडील : आणि वायरी पिशवीत टाकू नकोस. लावूनच ठेव, आत्ताच बसवून बघू. अर्धा तास चालू द्यायचं, आठ मिनिटं नाही. शेठना घाई असेल तर ते आपलं दुकान आपल्याभोवती बंद करतील.

दुकानदार : सात म्हणजे काही सातच नाही.

लेक : आणि पॉलिश कधी करणार?

वडील : तू अकरा खोल्या कर आधी. काही टोचलं तर सांग. या वेळी सांग.

लेक : सांगेन.

वडील : जाताना शिंपीणबाईंकडे डोकावू. कपाटाचे खण किती खोल ठेवायचे ते ठरवायचंय. एक रीळ मोजायला मागून घेऊ.

लेक : रीळ कसं मोजायचं, बाबा?

वडील : दोऱ्यासकट.